पाचवा रकाना

भिवापूरच्या अलीकडे डांबर सोडलं
आणि मिरचीच्या खाटानं आधीच सांगितलं, गाव आलं.
विहारामागे टिनाच्या दोन खोल्या,
दारावर खडूनं:
पवनीले जाणाऱ्यांची सोय आहे.
चपला आत घ्या, कुत्रं नेते.

पंचफुलाबाई रामटेके वही सरकवतात.
नाव. गाव. कुठून आले. कुठं जाता. कशासाठी.
चार रकाने भरतो. पाचव्यावर पेन अडतं.
"राहू द्या जी, सकाळी लिवा.
रातच्याले कोनालेच येत नाही ते."

मी मागची पानं चाळतो.
कुणाचं: पोराची बारावी.
कुणाचं: असंच.
उमरेडच्या खाणीतून रिटायर झालेल्या एकाचं:
तीस वर्षं खोदलं. आता जुनं खोदलेलं पाहायला.
एका पानावर नुसती गोल, वेलीसारखी अक्षरं.
"लंकेचे भंतेजी होते," बाई म्हणतात,
"का लिवलं, कोनाले वाचता येत नाही.
मी समजते, वडे चांगले झालते."

लाखोळीचे वडे खरंच चांगले होते.
भातावर कच्चं तेल, वर तळलेली मिरची.
डोळे वाहू लागले तेव्हा बाईंनी
परवाचा पेपर पुढे केला.

दोन खोल्यांमधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही.
फटीत एकच बल्ब, दोघांचा.
बटण पलीकडे.
अंधार पडल्यावर पलीकडे कुणीतरी उतरलं,
पिशवी ठेवल्याचा आवाज, गुडघ्यांचा आवाज,
मग: "विझवू का, भाऊ?"
"विझवा."
दिवसभर तापलेलं टिन
थंड होताना टकटक बोलत राहिलं.
तीन वाजता अचानक उजेड.
"माफ करा, गोळी सापडत नव्हती."
सापडली की नाही, विचारलं नाही मी.
बल्ब बराच वेळ तसाच राहिला
आणि मला चक्क बरं वाटत होतं.

सकाळी पलीकडची खाट रिकामी,
चादरीची घडी, घडीवर घडी.
वहीत माझ्याखाली त्याची ओळ:
डोमाजी टेंभुर्णे, कामठी. कामठीहून. पवनी.
आणि पाचव्यात,
माझ्या कोऱ्या रकान्याच्या बरोब्बर खाली,
ठसठशीत अक्षरात: वरीलप्रमाणे.

आता मी काहीही लिहिलं
तरी ते त्यालाही लागू होणार.
बाई डब्यातले वीस परत देत होत्या,
"तीनच तर वडे खाल्ले जी तुम्ही,"
पेन हातातच होतं,
आणि उंबऱ्यापाशी कुत्रं
माझ्या एका चपलेकडे
मोठ्या शांतपणे बघत बसलं होतं.