पाय पाण्यात सोडून

मुलगी म्हणते, ये इकडेच, जकार्तात.
दवाखाना दोन गल्ल्यांवर,
लिफ्ट आहे, बहुतेक वेळा चालू.

चार दिवस हिंडून पाहिलं.
समुद्राला घातलेल्या भिंतीपाशी
वार्सितो नावाचा म्हातारा मासे वाळवत होता.
म्हणाला, भिंत दोनदा उंच केली बाई,
आमचा उंबरठा तेवढाच खाली गेला.

राजधानीही हलवणार म्हणे इथून.
म्हणजे हे शहरसुद्धा निवृत्तच,
मी शाळेच्या किल्ल्या दिल्या
तसे शिक्के-बिक्के दुसऱ्याच्या हाती देऊन
बसणार
पाय पाण्यात सोडून.

रात्री बाल्कनीत घामाघूम.
डोंगरातून आणलेली शाल घडीतच.
खाली सातेवाला कोळसे फुंकतोय,
धूर थेट आपल्यापर्यंत येतो.
बरा वाटतो.

मुलीला हो-नाही काही बोलले नाही.
एवढंच विचारलं,
पायऱ्या किती गं, वरपर्यंत?