बाहीवाली

कंपनीत मला नाव नव्हतं, बाही होती.
वागळे इस्टेट, तिसरा मजला,
पुढच्या रांगेत कॉलर, मागच्या रांगेत काज-बटण,
मधे मी. डावी बाही.
उजवी नफिसा जोडायची.
एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी
एकाही माणसाला पुरता शर्ट शिवला नाही.

कंपनी बंद झाली तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या.
मी कातरणाची दोन पोती उचलली.
वॉचमन म्हणाला, मावशी, ह्यात काय शिवणार?
मला तरी कुठं ठाऊक होतं.

आधी हातच शिवला गेला. सवय.
शिवला, उलटवला,
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं अंगठ्यापर्यंत कापूस ढोसला,
आणि मग एवढ्या हाताला कुणीतरी हवं
म्हणून खांदा,
खांदा आहे म्हणून मान.
अजूनही माझी बाहुली हातापासूनच सुरू होते.

कापूस जुन्या गादीचाही चालतो, पण पिंजून, ऊन देऊन.
गाठ राहिली तर बाहुलीच्या पोटात दुखतं,
असं मी निहालला सांगते आणि तो मान हलवतो.
मान मात्र घट्ट भरायची, दाबून दाबून,
नाहीतर आठ दिवसांत मान टाकते आणि लोक मला बोलतात.
केसांना लोकर जांभळी नाक्याची,
त्या दुकानात तुटकी गुंडी किलोवर मिळते.
तोंड एका टाक्याचं.
दुसरा टाका घातला की ती हसायला लागते,
आणि तापात रडणाऱ्या पोराला
हसरी बाहुली काय कामाची?

डोळे सगळ्यात शेवटी.

सुई आता मला ओवता येत नाही.
शेजारचा निहाल, चौथीतला,
शाळेआधी बारा सुया ओवून बटाट्यात टोचून जातो.
रात्री त्या बटाट्याची भाजी होते.
एकदा सुईसकट झाली असती.

सिव्हिलमध्ये सिस्टरनं थेंब टाकले.
म्हणाली, डोळे मिटून बसा आजी,
बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो.
मला हसू आलं.
अर्धा तास!
मला दीड दिवस लागतो.

घरी येताना सगळं पांढरंफटक.
रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर नाक नव्हतं,
रस्त्यांच्या कडा विरलेल्या, किसननगर नुसतं ऊन.
आणि उद्या घंटाळीच्या प्रदर्शनात तीस बाहुल्या द्यायच्या,
त्यातली एक अजून आंधळी.
मग बसलेच.
बोटांनी कपाळ चाचपलं, एक पेर खाली,
काळा दोरा, बटाट्यातली शेवटची सुई,
आत. बाहेर. आत.
गाठ दातांनी तोडली.

सकाळी निहालनं आधी पाहिलं.
एक डोळा गालावर उतरलेला,
दुसरा कानाला भेटायला निघालेला.

कंपनीत असा माल आला की तपासणारा
लाल बाणाचा स्टिकर लावायचा, नेमका चुकीवर,
बाण बघायचा आणि उसवायचं,
बोलायचं नाही.
मी कातर घेतली. खरंच घेतली हातात.
निहाल म्हणाला, थांब ना गं,
ही एका डोळ्यानं दाराकडे बघतेय
आणि एकानं तुझ्याकडे.

एकोणतीस गेल्या.
ऑपरेशन बुधवारी आहे, आधी डावा डोळा.
तोवर ती मशीनवर बसलीय, रिळाला टेकून,
एका बाहीच्या झबल्यात.
रविवारी नफिसा मुंब्र्याहून येतेय.
तिला म्हटलं, तुझं माप तू आण.