तेवीस तारखेचा रकाना

साठ तासांची इंटर्नशिप,
आणि पलूसच्या पुढे उसातून वाहणारा एक ओढा
ज्याला नकाशात नाव नाही.
नेमगोंडा आण्णा त्याला नुसतंच 'तो' म्हणतात.
'तो आज उठलेला न्हाय'
म्हणजे पाणी हलत नाही.

आण्णा वीज मंडळातले निवृत्त वायरमन.
चार वर्षं झाली, दर शनिवारी सातला
पुलाखाली उतरतात,
गुडघ्याला पट्टा, खिशात थर्मामीटर.
सोबत अंगणवाडीच्या रिझवानाबाई मुजावर,
ज्यांना दगड उलटा केला की
कुठली अळी चतुराची ते लांबून कळतं.
मला कळत नव्हतं.
माझ्याकडे पदवीचं दुसरं वर्ष होतं,
गळ्यात ओळखपत्र, हातात किटची निळी पेटी.

बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची,
एकही बुडबुडा आत न ठेवता.
पहिलं औषध, दुसरं औषध, बूच.
तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे.
पांढरा बसला, तर नाही.
मग आम्ल, मग रंग हळदीच्या पाण्यासारखा,
मग स्टार्च, आणि सगळं शाईइतकं निळं.
ते निळं जाईपर्यंत
थेंब मोजायचे. बोलायचं नाही.

तेवीसला पाळी माझी एकटीची होती.
आण्णा मिरजेला गुडघा दाखवायला,
रिझवानाबाई सर्वेक्षणाला.
आणि सांगलीत मैत्रिणीच्या बहिणीची हळद.
रात्री खोलीवर बसून तक्ता भरला: ६.२
मागच्या शनिवारी ६.४ होतं,
त्याआधी ६.१.
पाण्यालाही सवय असते, असं काहीतरी
मी स्वतःला सांगितलं.
नखांना पिवळं लागलेलंच होतं.

पुढच्या शनिवारी आण्णांनी वही उघडली,
चष्मा कपाळावर नेला.
'बावीसच्या रात्री वर कुणीतरी टँकर सोडला.
तेवीसला मिरजेहून येताना मी पुलावर थांबलो.
निवळी एक बी न्हवती.
खेकडी सगळी काठावर चढून बसलेली.'
मग, अगदी हळू,
'तुझं सहा पॉइंट दोन हे कुठलं पाणी हाय?'

रिझवानाबाई चाळणी धूत राहिल्या.
धुतलेलीच होती ती.

'चालू लाईनीवर बंद लिहिलं
की खांबावरचा माणूस मरतो, लेकी.
कोरं ठेवायचं.
माझे अकरा रकाने कोरे हैत,
तीन महापुराचे, एक पोरीच्या लग्नाचा,
बाकीचे नुसत्या कंटाळ्याचे.
कोरा रकाना खोटं बोलत न्हाय.'

मी ६.२ वर एकच रेघ मारली,
खालचा आकडा वाचता येईल अशी.
बाजूला सही, तारीख.
त्या दिवसाचे तीन तासही खोडले,
साठाचे सत्तावन्न झाले.

मग पाण्यात उतरले.
साका ना तपकिरी, ना पांढरा,
दुधात चहाचा थेंब पडावा तसा.
निळं फार लवकर गेलं.
२.९, मी मोठ्यानं म्हटलं,
आण्णांनी लिहून घेतलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

काठावरच्या चिखलात एक खेकडा होता,
पाण्याकडे तोंड करून.
पाय पुढे टाकत होता,
मागे घेत होता.