हिरव्याचं प्रमाण

ब्रिजपोर्टच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही अकरा बायका राक्षसांना कातडी चढवतो.
पिवळा पूर्ण, निळा पाव: हे झालं साधं भूत.
निळा अर्धा केला की थडग्यातून नुकतंच उठलेलं.
लाल कुठे, किती, ते न्यूयॉर्कहून लिहून येतं
कागदाच्या कडेला, पेन्सिलीनं,
आणि खाली नेहमीचंच: शुक्रवारच्या आत.

गोष्टी मात्र आम्हाला फुकट.
ममी शिरते सार्वजनिक संडासात
आणि बाहेर येते ती अर्धीच;
आतून कुणीतरी म्हणतं,
"देव तुमचं भलं करो, कागद संपला होता."
लांडगा-माणूस पौर्णिमेला न्हाव्यापुढे बसतो:
"मागून थोडे कमी करा."
न्हावी कात्री चालवतो, चालवतो, चालवतो,
उजाडतं, खुर्चीत उरतो एक टकला कारकून
आणि हातात बिल, सत्तर डॉलर.
तेव्हा कुठे फुटते खरी किंकाळी.

त्या किंकाळीला मी निर्भेळ पिवळा दिला.
मिसेस फिनर्टी म्हणाल्या, स्टासिया, जास्त झाला.
मी म्हटलं, बाई, सत्तर डॉलर आहेत.

माझा भाऊ काझिक कोरियाहून परतला
तो हसणं तिकडेच कुठेतरी ठेवून.
दिवा लावूनच झोपतो.
मी घरी आणते वाया गेलेली पानं,
ज्यांत रंग रेषेबाहेर सरकलेत,
राक्षसाचं हिरवं राक्षसाच्या शेजारी उभं.
तो ती जेवणाच्या टेबलावर चाळतो,
गॅसची बिलं तपासावीत तशी.

एप्रिलात फादर झिगमुंटनी शाळेमागे शेकोटी पेटवली.
पोरांनी रांगेनं येऊन टाकायची,
प्रत्येकी दहा पुस्तकं आणि एक प्रार्थना.
माझा युजीन नऊच घेऊन गेला.
मी मोजली होती. बोलले नाही.
घरी येऊन म्हणाला, आई, ज्वाळा हिरवी झाली होती.
कशी हिरवी, मी विचारलं. थडग्यातली?
तो म्हणाला, नाही, साधीच.

मग आलं कुठल्याशा समितीचं पत्र:
रक्त नको. सुळे नकोत.
'भय' हा शब्द मथळ्यात नको.
तो न्यूयॉर्कचा चित्रकार, जो आम्हाला कधी भेटला नाही,
ज्याची सही म्हणजे नुसतं एक वाकडं अक्षर,
त्यानं पांढऱ्या शाईनं रक्तपिशाच्चाचे सुळे पुसले
आणि पुढच्याच चौकटीत त्याला खाणावळीत बसवलं:
"शूप आहे का? गाळलेलं?"
खायचे दात गेले, दाखवायचेही गेले,
उरल्या हिरड्या.
हिरड्यांना कुठला रंग, हे कुणीच लिहिलं नव्हतं.
मी गुलाबी दिला, तान्ह्या बाळाचा.
अकराजणी पोट धरधरून हसलो,
मिसेस फिनर्टीसुद्धा,
पण भिंतीकडे तोंड करून.

त्या अंकाची पानं मी चांगली छापलेली आणली, चोरून.
काझिकनं सूप ओलांडलं,
खाणावळवालीची वळलेली बोबडी ओलांडली
आणि शेवटच्या पानावर, तळाशी, उजव्या कोपऱ्यात थांबला,
जिथे दारावर टकटक होते,
राक्षस घाबरून पलंगाखाली घुसतो
आणि तिथे आधीच लपलेला माणूस म्हणतो,
"जरा सरकून घे."

तो हसला असं मी म्हणणार नाही.
बराच वेळ त्या चौकटीवर अंगठा ठेवून बसला.
शाई कच्ची होती अजून.
मग उठला, पाव कापला, मला दिला,
आणि पावाच्या कडेवर होतं
पिवळा पूर्ण, निळा पाव.