बुरखे कोणी मोजत नाही

मी मुर्दे न्हाऊ घालते. फक्त बायकांचे.
दर ठरलेला नाही. सवाब, वर साबणाची उरलेली वडी,
रिक्षाचं भाडं कधी देतात, कधी रडण्यात विसरतात.

मे महिना. सोलापूर तव्यावर.
शास्त्रीनगरातून निरोप आला, कमरजहाँ गेली.
दोन मुलगे, सात पॉवरलूम, एक घर :
भागाकार बसत नव्हता.
डॉक्टरने खालूनच मान हलवली,
एवढ्या उन्हात जिना कोण चढणार?

मी आणि माझी भाची शगुफ्ता,
बोरीची पानं, कापूर, दोन बादल्या.
दार आतून बंद. या दारात मर्द येत नाही,
जगात एवढी एकच खोली अशी.

डाव्या अंगठ्याला निळी शाई होती.
ताजी.
मी घासली. जाईना. पुन्हा घासली.
अंगठा मागे सरकला.

"कित्ता घिसती गे हाजरा, चमडी निकालती क्या?"

शगुफ्ता बादलीवर कोसळली.
मुर्द्याने तिच्या तोंडावर पाणी मारलं,
मग स्वतः उरलेलं प्यायलं.
म्हणाली, "श्वास धरून पडले होते,
म्हटलं बघू तरी, रडतात का.
थोरल्याने अंगठा धरला, धाकट्याने कागद.
आता उठले तर खरंच मारतील.
तू तुझं काम कर. मला जाऊ दे."

माझं काम!
कफन पाच कपड्यांचं असतं, आत कोणीतरी लागतं.
मागच्या कोपऱ्यात टॉवेलचा ढीग,
सेकंड क्वालिटी, काठ वाकडे, एक्स्पोर्टला नापास.
आम्ही तिघींनी तिला रचलं.
खांदे, पोट, गुडघे. कंबरेला ती म्हणाली,
"इतकी जाड नाही मी." दोन काढले.

धाकटा दार वाजवत होता : शेवटचा चेहरा दाखवा.
मी आतूनच बोलले,
"मरहूमची वसीयत आहे.
ज्याने अंगठा घेतला त्याला तोंड दाखवायचं नाही."
बाहेर इतकी शांतता पसरली
की शेजारच्या मागाची खटखट ऐकू आली.

दोन बुरखे आत गेले होते, तीन बाहेर पडले.
बुरखे कोणी मोजत नाही.

जनाजा उचलला तेव्हा थोरला कण्हला.
जमीन ओली, बादली सांडलेली,
आणि सोलापूरचा टॉवेल. पाणी प्यायला कधी नाही म्हणत नाही.
कब्रस्तानापर्यंत थेंब थेंब गळत गेली अम्मी.
लोक म्हणाले, रहमत आहे, रहमत!
एका म्हाताऱ्याने थेंब डोळ्यांना लावला.

नाक्यावर सीटवाली रिक्षा ओरडत होती :
नई जिंदगी, नई जिंदगी, एक सीट, नई जिंदगी!
कमरजहाँने माझ्याकडे पाहिलं.
वस्तीचंच नाव ते, सगळ्यांना ठाऊक.
तरी आम्ही दोघी इतक्या हसलो
की रिक्षावाला म्हणाला, घरात शादी आहे का?

चाळीसाव्याला ती आली होती, बुरख्यात, मागच्या ओळीत.
स्वतःच्या नावाचा दालचा खाल्ला.
जाताना कानात म्हणाली, मीठ कमी.

मग अडीच वर्षं टॉवेलच्या कारखान्यात दशा वळल्या तिने,
हजेरीपटावर भलत्याच नावाने.
एकदा नथ विकून रत्नागिरीला जाऊन आली.
समुद्र कसा वाटला विचारलं तर म्हणाली,
"बहुत पानी. पोंछने को कोई नहीं."

काल निरोप आला. नई जिंदगी, दुसरी गल्ली,
एकटीच राहायची, नाव भलतंच.
शगुफ्ताला घेतलं. बोरीची पानं, कापूर, बादल्या.
आणि एक गाठोडं. हो, टॉवेलचं.
सांगता येत नाही.

दार लावलं.
डावा अंगठा हातात घेतला.
शाई नव्हती,
तरी घासत राहिले,
घासत राहिले.