सात किलो

थेलावीच्या चर्चमध्ये दर सोमवारी लामझिरा
वाळूत रोवलेली थोटकं उपटते,
पत्र्याच्या डब्यात वितळवते.
मेण हट्ट धरत नाही.
पाण्यासारखं पळतं, साच्यात निवतं,
पुन्हा मेणबत्ती होऊन उभं राहतं;
जुन्या वातीचे काळे कण तेवढे पोटात.

पण हिशेब जमत नाही.
बारा किलो विकलं, परत आलं पाच.
काटा खोटा नाही,
पाद्रीबाबांनी दोनदा तपासला.

थोडं छतावर बसलंय,
संतांच्या नाकाडोळ्यांवर काजळी होऊन.
थोडं खिडकीच्या गार काचेवर, ओलं.
उरलेलं लोकांनीच ओढून घेतलं असेल छातीत,
प्रार्थना म्हणता म्हणता, खोकत.
ते काही खरवडून
साच्यात ओतता येत नाही.

आठ वर्षांनी पोलंडहून आलाय तिचा गुराम.
तेच पुढचे दोन दात,
तीच आंघोळीची टाळाटाळ.
जेवताना मात्र दाराकडे तोंड करून बसतो,
अंगातला कोट न काढता.

ती विचारत नाही.
निवलेलं सूप पुन्हा गरम करते,
वाडगा पुढे सरकवते
आणि बघत राहते त्याच्याकडे,
काट्याकडे बघते तशी.