सोळा नंबरचा पाना

एकतीस साली अमळनेरच्या गिरणीत
केम्निट्सहून कातायचं यंत्र आलं,
सोबत ते बसवायला एक फिटर.
एर्विन. उन्हानं मान भाजलेला.
कळण्याच्या भाकरीला हसायचा,
ठेच्याला हात जोडायचा.

माझ्या आजोबांना, भिला मिस्तरीला,
त्याची भाषा येत नव्हती, त्याला अहिराणी.
नट कुठे सैल आहे ते दोघांना कळायचं,
आणि पाळी दहा तासांची का, तेही.

जाताना पाना ठेवून गेला.
दांड्यावर कोरलेलं ए. के.

मग एक पत्र, मोडक्या इंग्रजीत.
शाळेतल्या मास्तरांनी दार लावून वाचलं:
तळघर. हातानं फिरवायचं छापयंत्र.
वर बायको कपडे आपटते,
आवाज झाकायला.

आमचं उत्तर परत आलं
गरुडाचा शिक्का घेऊन.

चाळीस साली आजोबांना नेलं
बोरीकाठच्या चौकीत. पत्रकं कुणी वाटली?
"माले काय माहीत नही, साहेब."
तीन रात्री एवढंच.
दोन नखं गेली, वाक्य तेच.

म्हातारपणी म्हणायचे,
तिकडं त्यानंही हेच सांगितलं असंल,
त्याच्या बोलीत.
आणि अडकित्ता तसाच हातात धरून
बसून राहायचे.

गिरणी भंगारात गेली, किलोच्या भावानं.
काल शेजारचा पोरगा पाना मागायला आला,
बोअरच्या मोटारीचा नट निघत नव्हता.
दिला.
म्हटलं, आठवणीनं आणून दे रे,
दोघांचा आहे.